गुंडोपंतांच्या अब्रूचा खटला

छापखान्यात काम करणाऱ्या माणसाकडे गोष्टी आपोआप साठतात. त्याला काही करावं लागत नाही. गावातलं लग्न ठरलं की पत्रिका आमच्याकडे, मोडलं की दुसऱ्या मुलीच्या नावाची पत्रिकाही आमच्याकडेच. मधली भानगड लोक आपण होऊन सांगतात. त्यात मी मुद्रितं तपासणारा. समोर आलेला कागद चुकलेलाच आहे असं धरून चालायचं, हा माझा धंदा. इतकी वर्षं हे केल्यावर माणसांकडेही मी तसाच बघायला लागलो. आमची ही म्हणते, ‘‘तुम्ही देवाला नमस्कार करतानासुद्धा एक डोळा उघडा ठेवता.’’ ठेवतो. चपला बाहेर असतात!

मी सांगतोय ते बेळगावातल्या ‘सडेतोड’ साप्ताहिकाबद्दल. इंग्रजांचं राज्य होतं आणि जर्मनीशी दुसरी लढाई अजून सुरू व्हायची होती. मालक, संपादक आणि लेखक, सगळं एकच माणूस, तात्या. अण्णाप्पा शिशाच्या अक्षरांचे खिळे जुळवायचा. त्याची घरची भाषा कानडी, पण मराठी मजकूर असा भराभर जुळवायचा की बघत राहावं. बापूसाहेब वकील रोज संध्याकाळी फुकट पेपर वाचायला यायचे आणि त्याच्या बदल्यात फुकट सल्ला द्यायचे. दोन्ही साधारण सारख्याच किमतीचं असायचं.

आता जागा सांगतो, नाहीतर पुढचं कळणार नाही. बेळगाव इंग्रजांचं आणि त्याला खेटून असलेलं शहापूर संस्थानाचं. मधे ना वेस, ना तट. रस्त्याच्या अलीकडे आमचा छापखाना, तिथं इंग्रजी कायदा. पलीकडे विणकरांची गल्ली, तिथं संस्थानचा. त्या गल्लीच्या तोंडाशी वैद्यराज गुंडोपंतांचं दुकान. आमच्या ओट्यावर बसलं की त्यांची पगडी दिसायची.

*

भानगडीची सुरुवात झाली ती लोंढ्यात. तात्यांचा मावसभाऊ तिथं पोस्टमास्तर होता. लोंढा म्हणजे रेल्वेचं जंक्शन, भोवती रान, आणि रानात हिवताप. त्या काळी सरकार पोस्टातून हिवतापावरच्या कोयनेलच्या, म्हणजे क्विनीनच्या, पुड्या विकायचं. तात्या सहज भेटायला गेले, तर पोस्टमास्तर पुड्यांचा गठ्ठा पुढ्यात घेऊन माश्या मारत बसलेले.

‘‘ताप गेला काय गावातला?’’ तात्यांनी विचारलं.

‘‘ताप आहे. कोयनेल गेलं.’’

गुंडोपंतांची ज्वरवज्र गुटी तिथवर पोचली होती. गुटी चालू असताना कोयनेल घेतलं तर अंगात विष होतं, असं गुंडोपंत येणाऱ्या प्रत्येकाला बजावून सांगायचे. लोकांनी कोयनेल सोडलं. परसू म्हणून एक रेल्वेचा गँगमन होता. त्याची बायको पोस्टमास्तरांच्या घरी दूध घालायची. ती तापात गेली. तरणीताठी बाई. पोस्टमास्तरांनी पुडी हातात दिली होती ती तिनं परत आणून दिली होती.

तात्या गाडीतून उतरले ते सरळ छापखान्यात आले आणि उभ्यानंच लेख लिहिला. त्यातलं एक वाक्य मला अजून पाठ आहे, कारण पुढं ते कोर्टात इतक्या वेळा वाचलं गेलं: ‘ही गुटी औषध नव्हे, आणि तिच्यासाठी कोयनेल सोडायला लावणारा माणूस वैद्य नव्हे.’

लेख दुसऱ्या पानावर छापला. आणि त्याच अंकात, चौथ्या पानावर, चौकटीत गुंडोपंतांचा पगडीतला फोटो आणि खाली ठळक टाइपात ‘ज्वरवज्र गुटी. तापावर रामबाण’!

त्याचं झालं असं की जाहिरात वर्षाची ठरलेली होती. असा कायमचा मजकूर एकदा जुळवला की खिळे तसेच बांधून ठेवायचे आणि दर आठवड्याला उचलून पानात बसवायचे, अशी आमची रीत. त्याचं मुद्रित माझ्याकडे येतच नसे. अण्णाप्पाने नेहमीप्रमाणे उचललं आणि बसवलं.

सकाळी लोक अंक घेऊन दारात. ‘‘तात्या, दुसऱ्या पानावर विश्वास ठेवायचा का चौथ्या?’’

तात्या जागचे हलले नाहीत. म्हणाले, ‘‘चौथ्या पानाचे पैसे मिळालेत. दुसऱ्याचे कुणी दिलेले नाहीत. आता तुमचं तुम्ही ठरवा.’’

*

गुंडोपंतांची नोटीस आली. बापूसाहेबांनी चष्मा पुसून वाचली, घडी घातली आणि परत उघडून वाचली. फुकट सल्ला देणारा वकील दोनदा वाचायला लागला की समजावं, प्रकरण फुकटात मिटणार नाही.

‘‘अब्रूनुकसानी,’’ ते म्हणाले. ‘‘फौजदारी. दोन वर्षांपर्यंत साधी कैद, नाहीतर दंड, नाहीतर दोन्ही.’’

‘‘पण मी लिहिलं ते खरं आहे की हो.’’

‘‘नुसतं खरं असून भागत नाही. खरं आहे हे तुम्ही शाबीत करायचं. आणि लोकांच्या भल्यासाठी छापलं, हेही तुम्हीच दाखवायचं.’’

‘‘आणि त्यांनी? गुटी चालते हे त्यांनी नको दाखवायला?’’

‘‘खटला गुटीवर नाही हो, तात्या. खटला त्यांच्या अब्रूवर आहे.’’

तात्यांनी नोटीस उलटी करून ठेवली. मग हळू म्हणाले, ‘‘म्हणजे बाई मेली तर खटला नाही. अब्रू मेली तर आहे.’’

बापूसाहेब घाईघाईनं म्हणाले, ‘‘हे वाक्य छापू नका. त्याचा दुसरा होईल!’’

नोटिशीत सुटकेची वाटही दिली होती. तात्यांनी पहिल्या पानावर माफी मागायची, आणि तिच्यात लिहायचं की आम्ही पूर्ण चौकशी केली असून गुटी गुणकारी आहे. म्हणजे ती माफीच गुटीची सगळ्यात मोठी जाहिरात होणार, आणि तीही फुकटात. तात्या म्हणाले, ‘‘तुरुंगात जाईन. पेपर बंद पडला तर पडू दे. पण ती ओळ वाचून लोंढ्यात आणखी कुणीतरी पुडी परत करणार. ते माझ्याच्यानं व्हायचं नाही.’’

तक्रार करायची म्हटली तर ती कुठं करणार? तात्यांनी इंग्रजी अंमलदारांना लिहिलं. उत्तर आलं, दुकान आमच्या हद्दीत नाही. संस्थानच्या कचेरीत लिहिलं. उत्तर आलं, मयत बाई आमच्या हद्दीतली नाही. गुंडोपंतांची अब्रू तेवढी दोन्ही हद्दींत होती.

*

खटला उभा राहिला तशी एक विचित्र गोष्ट व्हायला लागली. आम्ही पुढच्या अंकात काय छापणार, ते गुंडोपंतांना आधीच कळायचं. अंक बाहेर पडायच्या आत त्यांचा खुलासा हजर!

घरात फितूर आहे म्हटल्यावर छापखान्याचा रंगच बदलला. तात्या अण्णाप्पाकडे बघायला लागले, कारण त्याचं घर शहापुरात. अण्णाप्पा माझ्याकडे बघायला लागला, कारण मी सगळ्यांकडेच बघतो. मला शेजारच्या चहावाल्या कामतांवर संशय, कारण चहा देऊन झाला तरी ते कपासाठी थांबून राहायचे.

शेवटी तात्यांनी सापळा लावला. आम्हा तिघांना वेगवेगळं बोलावून तीन खोटे मथळे सांगितले. मला सांगितलं, ‘गुंडोपंत मूळचे पेंडीचे व्यापारी.’ अण्णाप्पाला, ‘वैद्यराजांची पदवी खोटी.’ कामतांना, ‘गुटीत गांजा.’ जो मथळा पलीकडे पोचेल, त्याचा मालक फितूर.

दुसऱ्या दिवशी गुंडोपंत स्वतः रस्त्याच्या कडेपर्यंत आले. हद्द ओलांडली नाही. तिथूनच खणखणीत आवाजात म्हणाले, ‘‘मी पेंड कधी विकली नाही, माझी पदवी खरी आहे आणि गुटीत गांजा नाही!’’

तात्या मटकन खुर्चीत बसले. ‘‘तिघेही? अरे, निदान एकानं तरी मला धरून राहायचं.’’

अण्णाप्पा रडकुंडीला आला. ‘‘इल्ला री तात्या, आईची आण, म्या कुणाला बोललो न्हाय.’’

मी रात्रभर विचार केला होता असं नाही, पण संशयी माणसाचं डोकं अशा वेळी बरं चालतं. म्हटलं, ‘‘तात्या, तिन्ही मथळे माहीत असलेला माणूस एकच आहे.’’

‘‘कोण?’’

‘‘तुम्ही.’’

तात्यांचा हात आपोआप हनुवटीवर गेला. ताजी, गुळगुळीत दाढी. आमच्या ओट्यावर तात्यांची दाढी झाली की न्हावी धोकटी उचलून रस्ता ओलांडायचा आणि पलीकडे गुंडोपंतांची करायचा.

‘‘वस्तरा गळ्यावर असला की गप्प बसवत नाही हो,’’ तात्या म्हणाले.

आम्ही म्हटलं, मग याच वाटेनं पलीकडचं इकडे आणू. न्हाव्याला विचारलं. तो म्हणाला, ‘‘वैद्यराज दाढी हुईस्तवर तोंड उघडत न्हाईत. आरसा हातात धरून माझ्या हाताकडं बघत बसत्यात.’’

हे ऐकल्यावर माझ्या मनात गुंडोपंतांबद्दल पहिल्यांदा थोडा आदर उत्पन्न झाला.

*

गुटीत काय आहे ते डॉक्टरकडून लिहून घ्या, असं बापूसाहेबांनी सुचवलं. कॅम्पात एक मोठे डॉक्टर होते, विलायतेला जाऊन आलेले. तात्या आणि मी गुट्यांची डबी घेऊन गेलो. डॉक्टरांनी गुटी फोडली, हुंगली, कसल्या कसल्या बाटल्यांतलं पाणी घातलं. मग उठून दाराला आतून कडी लावली.

‘‘सुंठ, कडुनिंबाचा पाला, गूळ आणि चुना,’’ ते हळू आवाजात म्हणाले. ‘‘हिवतापाला याचा काडीचा उपयोग नाही.’’

‘‘एवढंच लिहून द्या,’’ तात्या म्हणाले.

‘‘लिहून? छे. तुमच्यावर एक खटला आहे. माझ्यावर दुसरा कशाला?’’

तात्यांनी खूप समजावलं. लोकांचा प्रश्न आहे, तुमच्यासारखी माणसं गप्प बसली तर कसं व्हायचं, वगैरे. डॉक्टर मान हलवत राहिले. आम्ही उठलो. कडी काढता काढता त्यांनी विचारलं, ‘‘उरलेल्या गुट्या ठेवून जाता का? आमच्या मातोश्रींच्या संपल्यात.’’

*

जाहिरातीत निपाणीच्या एका तंबाखूच्या व्यापाऱ्याचं नाव असायचं. ‘रायाप्पा शेठ, निपाणी, यांस गुटीने पूर्ण गुण आला.’ मला पक्का संशय की हा माणूस नाहीच. असलाच तर मेलेला असणार. बापूसाहेब म्हणाले, असं निघालं तर अर्धा खटला जिंकलो. मला निपाणीला धाडलं.

मोटारीतून उतरलो तो शिंकतच. निपाणीत वखारींच्या गल्लीत शिरलं की परका माणूस लगेच ओळखू येतो, गावचे लोक शिंकत नाहीत. रायाप्पा शेठचं नाव काढलं तर दहा हात वर झाले. माणूस होता. नुसता होता नव्हे, चांगला धट्टाकट्टा, तक्क्याला टेकून तंबाखूचं पान बोटांत चुरून बघत होता.

‘‘शेठ, गुंडोपंतांच्या गुटीनं तुम्हाला गुण आला म्हणे?’’

‘‘व्हय की. लई गुण.’’

‘‘ताप कधी आला होता?’’

‘‘मला कशाला येतोय ताप?’’

‘‘मग गुटी कशाला घेतली?’’

‘‘ताप यू नये म्हणून. दर साल घेतोय.’’

‘‘आणि?’’

शेठनी माझ्याकडे कीव आल्यासारखं बघितलं. ‘‘आलाच न्हाय की हो! आनि कसला गुण पायजे तुमास्नी?’’

निपाणी सोडेपर्यंत शिंकत होतो. परत आल्यावर बापूसाहेबांना सगळं सांगितलं, तर ते विचारात पडले आणि म्हणाले, ‘‘ह्या माणसाला साक्षीला बोलावू नका. मलासुद्धा त्याचं पटायला लागलंय.’’

*

पहिल्या तारखेला कोर्टात गर्दी लोटली. शहापूरचे विणकर माग बंद ठेवून आले होते, कारण त्यांच्यातले निम्मे गुंडोपंतांचे रोगी. खटल्याचा पुकारा झाला. गुंडोपंत उभे, तात्या उभे, बापूसाहेब उभे. गुंडोपंतांचे वकील नाहीत.

त्यांचा कारकून पुढं आला आणि अर्ज दिला. वकीलसाहेब हिवतापानं आजारी आहेत, तारीख मिळावी. सोबत डॉक्टरचा दाखला. सरकारी इस्पितळातल्या डॉक्टरचा!

बापूसाहेबांना आयुष्यात अशी संधी पुन्हा मिळणार नव्हती. ते अगदी नम्रपणे म्हणाले, ‘‘साहेब, अर्जाला आमची हरकत नाही. विद्वान वकिलांनी कोणतं औषध घेतलं, एवढंच अर्जात नमूद व्हावं.’’

कोर्ट हसलं. मागच्या बाकावरचे विणकरसुद्धा हसले. गुंडोपंत पगडी सरळ करत राहिले.

मॅजिस्ट्रेटसाहेब हसले नाहीत. ‘‘आजारी माणूस हा या खटल्यात पक्षकार नाही,’’ ते म्हणाले आणि तारीख दिली. त्यावर तात्या माझ्या कानात म्हणाले, ‘‘हेच तर मी नोटीस आली तेव्हा म्हटलं होतं.’’

*

आमची सगळी भिस्त परसूवर होती. लोंढ्याचा तो गँगमन, ज्याची बायको गेली. त्यानं तात्यांना शब्द दिला होता की कोर्टात येऊन सांगेन. आला. धुतलेला सदरा घालून पिंजऱ्यात उभा राहिला.

बापूसाहेबांनी विचारलं, ‘‘तुझी बायको कशानं गेली?’’

‘‘तापानं.’’

‘‘औषध काय दिलं होतं?’’

परसूनं खाली बघितलं. ‘‘काय की साहेब. ध्येनात न्हाय.’’

बापूसाहेबांनी फिरवून फिरवून विचारलं. पोस्टातली पुडी परत केली ना? ध्येनात न्हाय. शहापूरला गेला होतास ना? ध्येनात न्हाय. गुंडोपंतांच्या वकिलांनी तर त्याला एकही प्रश्न विचारला नाही, त्यांना गरजच उरली नव्हती.

माझ्या डोक्यात एकच गोष्ट आली, याला फोडला. मी त्याला स्टेशनच्या वाटेवर गाठला. ‘‘खरं सांग परसू, कुणी काय दिलं तुला?’’

तो थांबला. रागावला असता तर बरं झालं असतं. तो रागावला नाही.

‘‘गुटी म्या आनली,’’ तो म्हणाला. ‘‘ती नगं म्हणत व्हती. पोस्टातली पुडी घ्यायची म्हणत व्हती. म्याच तिला परत करायला लावली. शेवटी तोंड धरून गुटी घातली तिच्या घशात. आता कोर्टात सगळ्यांम्होरं म्हणलं की गुटीनं मेली, तर मारली कुणी, मालक?’’

फार वाईट वाटलं. गाडी आली, तो चढला, मी तिथंच उभा राहिलो. छापखान्यात येऊन तात्यांना सांगितलं. तात्यांनी साक्षीदारांच्या यादीतलं परसूचं नाव खोडलं. मग म्हणाले, ‘‘त्याला परत बोलवायचं नाही. मी आत गेलो तरी चालेल.’’

*

त्यानंतर बापूसाहेबांनी स्पष्टच सांगितलं. साक्षीदार नाही, डॉक्टरचा कागद नाही, शिक्षा होणार. मॅजिस्ट्रेटसाहेबांनीही शेवटचं सुचवलं होतं, आपसात मिटवा, नाहीतर पुढच्या तारखेला निकाल देतो. मग शहापूरच्या विणकरांचे पंच मधे पडले. म्हातारा माणूस, दोन्ही बाजूंना मान असलेला. त्यांनी आपल्याकडची जुनी रीत काढली. देवासमोर शपथ. जागा ठरली अनगोळच्या मारुतीचं देऊळ. गुंडोपंतांनी शपथ घ्यायची की माझ्या गुटीनं कुणी दगावलेलं नाही, आणि माझ्या स्वतःच्या घरात हिवताप आला तर मी हीच गुटी देतो, दुसरं काही देत नाही. शपथ घेतली तर तात्यांनी माफी छापायची, गुंडोपंतांनी सांगितलेल्या शब्दांत. नाही घेतली तर गुंडोपंतांनी फिर्याद काढून घ्यायची.

मी तात्यांना म्हटलं, ‘‘असल्या माणसाला शपथ म्हणजे पाणी पिण्यासारखी. कशाला कबूल केलंत?’’

‘‘माझ्याकडे दुसरं काय उरलंय?’’ तात्या म्हणाले.

पंचांनी बेल-भंडारा उचलायला सांगितलं होतं. पण गुंडोपंतांना गर्दी दिसली की राहवत नसे. भर गल्लीत त्यांनी जाहीर केलं, ‘‘नुसता बेल-भंडारा कशाला? माझ्या नातीच्या डोक्यावर हात ठेवून सांगतो!’’ लोकांनी माना डोलावल्या. याहून मोठी शपथ नाही. खोटी घेतली तर ती त्या लेकरावर उलटते, असं आमच्याकडे लहान पोरसुद्धा जाणतं. माझी उरलीसुरली आशाही संपली. एवढ्या धिटाईनं बोलतोय म्हणजे हा घेणारच.

बापूसाहेब म्हणाले, ‘‘तिसऱ्याच्या जिवावर घेतलेली शपथ कायद्याला चालत नाही. त्यामुळे मी काही ऐकलेलं नाही आणि मी तिथं येणार नाही.’’ मग हळूच विचारलं, ‘‘किती वाजता आहे?’’

त्या सकाळी तात्यांनी माफीचा मजकूर अण्णाप्पाच्या हातात दिला. अण्णाप्पाने तो खाली ठेवला. ‘‘माझ्या हातानं व्हायचं न्हाय, तात्या. रागवा, काढून टाका.’’ तात्यांनी कागद उचलला. बाह्या सरकावल्या आणि स्वतः एकेक खिळा जुळवायला बसले. मुद्रित माझ्याकडे आलं. ‘आम्ही पूर्ण चौकशी केली असून गुटी गुणकारी आहे.’ मी तपासलं. माझे डोळे भरून आले होते.

देवळात पाय ठेवायला जागा नव्हती. बापूसाहेब खांबाआड उभे होते. गुंडोपंत नवं उपरणं घेऊन आले. मागं त्यांची बायको, कडेवर नात. चारेक वर्षांची असेल, जरीचा परकर, डोक्याला खोबरेल तेल थापलेलं. गुंडोपंतांच्या बायकोला मी आयुष्यात पहिल्यांदाच नीट बघत होतो. ती बाई कधी दारात उभी राहून बोलताना दिसली नव्हती. तिनं पोरीला मारुतीसमोर उभं केलं आणि बाजूला झाली.

पंच म्हणाले, ‘‘वैद्यराज, आपन सांगितलंय तसं बोला. आनि शेवटाला म्हणा, खोटं असंल तर ह्या लेकराला लागो.’’

‘‘बोलतो की,’’ गुंडोपंत म्हणाले. त्यांनी घसा साफ केला. सगळ्यांवरून एकदा नजर फिरवली, तात्यांवर जरा जास्त वेळ ठेवली. मग उजवा हात पुढं केला.

हात पोरीच्या डोक्यावर टेकायच्या आत त्यांची बायको पुढं झाली. वाकली आणि पोरीला उचलून कडेवर घेतलं.

‘‘चल गं बाळ,’’ ती म्हणाली. ‘‘ऊन लई झालंय.’’

आम्ही सगळे सावलीत उभे होतो. लोकांनी तिला वाट दिली. ती पायऱ्या उतरली आणि भर उन्हात, मागं न बघता, पोरीला घेऊन शहापूरच्या वाटेला लागली.

गुंडोपंतांचा हात तसाच पुढं होता. पंचांनी थोडा वेळ वाट बघितली. मग विचारलं, ‘‘बोलताय न्हवं, वैद्यराज?’’